तिसरा रकाना : सांगोल्याच्या बालविभागातल्या प्रकल्प नोंदी

शनिवार, २१ जून २०२५

शाळा सुरू होऊन आठवडा झाला. वह्यांना कव्हरं घालून झाली, आता शनिवारी अर्धी शाळा सुटली की सातवी ते नववीची पोरं वाचनालयात येतील. फोनवर फिरणारे मेसेज खरे की खोटे ते तपासायचं, हा विषय कार्यकारिणीनं मान्य केला, अट एकच घातली : राजकारण नको. मलाही तेच हवं होतं, फक्त माझं कारण वेगळं आहे. पक्षाची पोस्ट समोर आली की मुलं आपापल्या घरच्या बाजूनं बोलायला लागतात आणि तपासणं राहून जातं. म्हणून आधी नोटा, ग्रहणं, पाऊसपाणी, औषधं. हात बसला की बाकीचं बघू.

सामान घरूनच यायचंय. घरातल्या फोनवर आलेला कुठलाही मेसेज मोठ्यांना विचारून वहीत उतरवायचा आणि पाठवणाऱ्याचं नाव-नंबर गाळायचं. स्क्रीनशॉट चालणार नाही. हातानं लिहिताना पोरांच्या जे लक्षात येतं ते बोटानं वर सरकवताना येत नाही. आजच एक जण लिहिता लिहिता थांबला, म्हणाला, "मॅडम, ह्यात सात उद्गारचिन्हं हायत. सगळी काढू का?" सगळी काढ म्हटलं. दुसरीच्या वहीत 'डिलीट होण्याआधी वाचा' हे वाक्य दोन वेगळ्या मेसेजांत निघालं. एक जमिनीच्या सातबाऱ्याचा, दुसरा मधुमेहाचा.

फळ्यावर दोन रकाने आखले : खरं, खोटं.

शनिवार, २८ जून

आज राईनपाड्याबद्दल बोललो. लहान मुलांसमोर हा विषय काढायचा का, यावर आमच्यात दोन मतं होती. मी काढायचा म्हटलं, कारण मंगळवेढा आमच्या शेजारचा तालुका.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं होते, त्यातले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. पोरं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्या भागात आधीच पसरले होते. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त झालं. जमावानं त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले.

मारहाणीचं वर्णन मी केलं नाही, विचारलं तरी सांगितलं नाही. वेळ घातला तो त्या काळात देशभर फिरणाऱ्या व्हिडिओवर. मोटरसायकलवरून दोघं येतात, गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांतलं एक पोर उचलतात आणि पळून जातात. फॉरवर्ड झालेला व्हिडिओ इथंच संपतो. मूळ फीत पुढं चालते : तेच दोघं परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि एक फलक उघडून दाखवतात. लेकरांकडं लक्ष ठेवा, अशी जनजागृतीची ती जाहिरात, २०१६ मध्ये पाकिस्तानातल्या कराचीत केलेली. कुणीतरी शेवट कापला, खाली आपल्याकडच्या गावांची नावं घातली. तशाच दुसऱ्या एका मेसेजात कफनात गुंडाळलेल्या लेकरांच्या रांगेचा फोटो होता. किडन्या काढलेली मुलं म्हणून तो फिरला. ती मुलं २०१३ मध्ये सीरियात विषारी वायूनं मेलेली होती.

म्हणजे व्हिडिओ बनावट नव्हता आणि फोटोही खरा होता. खोटी होती ती खाली लिहिलेली ओळ. हे कळायला मुलांना वेळ लागला. 'फेक' म्हणजे फोटोशॉप अशीच त्यांची समजूत.

मग आठवीतला एक जण म्हणाला, "मी लहान असताना जेवलो न्हाई तर आजी म्हणायची, गोसावी येईल आन् झोळीत घालून नेईल." सगळे हसले. हसणं ओसरल्यावर आणखी चार-पाच हात वर गेले. प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी झोळीत घालून नेणारच होतं. ही भीती व्हॉट्सॲपनं आणली नाही, ती घरात आधीपासून होती. मेसेजनं तिला गाव आणि तारीख दिली. प्रकल्पाच्या कुठल्याच पुस्तिकेत मला हे मिळालं नव्हतं.

जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲप कंपनीनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. 'फॉरवर्डेड' ही खूणही तेव्हाचीच. एप्रिल २०२० पासून, ज्यावर दोन बाण दिसतात, म्हणजे जो आधीच बऱ्याच वेळा फॉरवर्ड झालाय, तो मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. दोन बाणांचा अर्थ वर्गात एकालाही माहीत नव्हता, आणि रोज दिसतात सगळ्यांना.

शनिवार, ५ जुलै

वर्ग नाही. उद्या आषाढी, पंढरपूरच्या वाटेवरचे सगळे रस्ते भरलेत.

शनिवार, १२ जुलै

मराठी व्हॉट्सॲपवर कुठलंही बरं वाक्य अनाथ राहत नाही. त्याला पु. ल. मिळतात, नाहीतर व. पु., नाहीतर विश्वास नांगरे पाटील. एका मुलीनं पु. लं.च्या नावाचा म्हातारपणावरचा उतारा आणला होता. कपाट समोरच होतं, म्हटलं शोधा. चार जणांनी पुस्तकं वाटून घेतली, तासभर चाळली. दोघं चाळता चाळता वाचायलाच बसले आणि काम विसरले. याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

उतारा सापडला नाही. आता कुठल्या रकान्यात घालायचा? 'खोटं'मध्ये, असं बहुतेकांचं म्हणणं. उतारा आणणारी मुलगी ऐकेना. "आपण सगळी पुस्तकं कुठं बघितली? भाषणात म्हटलं असंल तर?" बरोबर आहे तिचं. त्यात मोबाइल आणि सेल्फीचा उल्लेख असता तर काम सोपं होतं. पु. ल. जून २००० मध्ये गेले, सेल्फी त्यांच्या वाट्याला आलीच नाही. पण तसं काही त्यात नव्हतं.

तिनंच जाऊन फळ्यावर तिसरी रेघ ओढली आणि वर लिहिलं : अजून कळलं नाही.

त्या रकान्यात लगेच दुसरी नोंद पडली. एका डाळिंबवाल्याच्या मुलानं आणलेली : दूध-हळदीची फवारणी करा, तेल्या आठ दिवसांत गायब. इथं हा विषय चेष्टेचा नाही. तेल्या हा डाळिंबावरचा रोग, तो बाग बसवतो. तो जिवाणूमुळं होतो एवढं पुस्तकात मिळालं, दूध-हळदीचं नाही मिळालं. मुलगा म्हणाला, वडील येत्या आठवड्यात करून बघणारेत.

शनिवार, १९ जुलै

फोटो उलटा शोधायला शिकवलं. वाचनालयाचा एक संगणक आणि माझा फोन. नमुना म्हणून तोच जुना 'दिवाळीच्या रात्री अंतराळातून भारत', रंगीबेरंगी झगमगाट. तो एका रात्रीचा फोटो नाहीच. १९९२ ते २००३ या काळात रात्रीचे दिवे कुठं वाढले ते वेगवेगळ्या रंगांत दाखवणारा, उपग्रहांच्या माहितीवरून जोडलेला तो नकाशा आहे. अमेरिकेच्या हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञानं केलेला. दिवाळीत वाढणारा उजेड अंतराळातून बहुधा जाणवणारही नाही, असा खुलासा नासानं २०१२ मध्येच केला होता. दरवर्षी तो फोटो तरीही येतो, आणि मला वाटतं यंदाही येईल.

सातवीतल्या एकानं एआयचे व्हिडिओ ओळखायची युक्ती विचारली : बोटं मोजायची ना? नाही म्हटलं. बोटं मोजून ओळखायचे दिवस सरत आलेत. आज जी खूण शिकवीन ती सहा महिन्यांत निकामी होईल, आणि मग पोर म्हणेल, बोटं पाचच आहेत, म्हणजे खरा. त्यापेक्षा आणला कुणी, कधीचा, कुठला, आणि दुसरीकडं कुठं आलाय का, हे विचारणं जास्त दिवस टिकेल. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात एक अभ्यास झाला होता. इतिहासाचे प्राध्यापक, विद्यापीठातली मुलं आणि पेशानं बातम्या तपासणारे, तिघांना तीच संकेतस्थळं दाखवली. प्राध्यापक आणि मुलं पान वर-खाली वाचत बसली, त्याच्या देखण्या मांडणीला आणि नावाला भुलली. तपासणारे पान अर्धवट सोडून बाहेर पडले आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते शोधायला लागले. निकालही त्यांचाच बरोबर आला. पोरांना हे फार आवडलं. अर्धवट सोडा असं शाळेत कोण सांगतं!

एक कबड्डीवाला आहे, एरवी मागं बसून खिडकीतून बघतो. मे महिन्यात भारत-पाकिस्तान लढाईच्या नावानं फिरलेल्या व्हिडिओंचा विषय निघाला तसा तो उठला आणि त्यातला एक 'गेममधला हाय' म्हणून सांगितला. कशावरून? "मॅडम, एवढं विमान पडलं, एक माणूस पळताना दिसंना." आर्मा नावाच्या गेमच्या कंपनीनं २०२२ मध्ये स्वतःच खुलासा काढला होता की आमच्या खेळातली दृश्यं युद्धाची म्हणून फिरतात. ओळखण्याच्या खुणांत हीही दिली होती : माणसं हलताना फारशी दिसत नाहीत. त्यानं तो खुलासा वाचला नव्हता. खेळून खेळून त्याला कळलं होतं. म्हणजे खुणा अगदीच टाकाऊ नसतात, ज्याचा हात त्यात मुरलाय त्याच्या उपयोगी पडतात.

शनिवार, २६ जुलै

नवीनच आजार. आता सगळंच फेक.

मंगळवारी पाणी येणार नाही अशी सूचना ग्रुपवर फिरत होती. आमच्या दोन हुशार पोरांनी घरी सांगितलं, ह्याच्यावर सही नाही, शिक्का नाही, फेक आहे. पाणी आलं नाही. एकाच्या आईनं बॅरल भरलं नव्हतं. आज ती स्वतः वाचनालयात येऊन मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही शिकवा, पण पाण्याचं तेवढं सोडून शिकवा."

हसलो, पण गोष्ट साधी नाही. महिनाभर मी एकामागून एक खोटं समोर ठेवत आले की पोरांना संशयाची चटक लागते. संशय घ्यायला कष्ट पडत नाहीत, वर शहाणपणही मिरवता येतं. सगळंच खोटं म्हणणारा आणि सगळंच खरं म्हणणारा, दोघंही तपासत नाहीत. एका फोनवर सूचना खरी आहे का कळलं असतं, पाणी सोडणारे काका गल्लीतच राहतात.

म्हणून आज उलटं केलं. खोटी वाटतील अशी खरी पानं आणली. लोणारचं सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं, त्याचे फोटो दाखवले. एकमतानं 'खोटं'. मग शोधायला लावलं. खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळं तो रंग आल्याचं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं होतं. फळ्यावरचं 'खोटं' पुसताना कबड्डीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

पुढच्या शनिवारचं सामान आपोआप आलंय. तीन जणांच्या वहीत एकच मेसेज : २ ऑगस्टला जगात सहा मिनिटं अंधार, शंभर वर्षांत असं ग्रहण नाही. २ ऑगस्टला शनिवारच आहे.

शनिवार, २ ऑगस्ट

दोन दावे फळ्यावर लिहिले. पहिला : आज सहा मिनिटं अंधार पडणार. दुसरा मी आणलेला : आज-उद्या दुपारी सांगोल्यात उभ्या काठीची सावली नाहीशी होणार. मुलांनी दोन्ही 'खोटं'मध्ये टाकले. दुसरा तर जास्त जोरात.

पहिल्याला वेळ लागला नाही. आज सूर्यग्रहण नाहीच. घरच्या पंचांगातही नाही, नासाच्या यादीतही नाही. पण 'खोटं' लिहून मोकळं होऊ दिलं नाही, ही तारीख आली कुठून ते शोधायला लावलं. उत्तर निघालं : २ ऑगस्ट २०२७. त्या दिवशी खरंच खग्रास सूर्यग्रहण आहे, इजिप्तमध्ये लक्झरजवळ सहा मिनिटं तेवीस सेकंद. भारतातून ते खंडग्रासच दिसेल. कुणीतरी वर्ष बदललं, आणि अंधार साऱ्या जगावर पसरवला. ग्रहणाच्या सावलीचा पट्टा केवढा अरुंद असतो ते पृथ्वीच्या गोलावर बोटानं दाखवलं.

दुसऱ्या दाव्यासाठी सगळे अंगणात. सांगोला साधारण १७.४ उत्तर अक्षांशावर. कर्क आणि मकर वृत्तांच्या मधल्या प्रत्येक गावावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. आपल्याकडं एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात, परतताना ऑगस्टच्या सुरुवातीला. बाराला घड्याळ बघत बसलेल्या पोरांना सांगितलं, आपली खरी मध्यान्ह बारा पस्तीसच्या सुमारास. घड्याळ आपलं असलं तरी वेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशाची आहे. ढग होते. बारा तीसला ऊन पडलं. नळाच्या पाइपचा सरळ तुकडा ओळंब्यानं उभा धरला होता, त्याची सावली आखडत आखडत बुडाशी आली. एक बोटभरही राहिली नाही. एकीनं स्वतःभोवती गिरकी घेऊन बघितलं, तिची सावली तिच्या चपलांखाली होती.

"मग हे व्हॉट्सॲपवर का येत न्हाई?" कबड्डीवाला.

येतं की, म्हटलं. तू फेक म्हणून पुसतोस.

शनिवार, १६ ऑगस्ट

मागच्या शनिवारी राखीपौर्णिमा, सुट्टी. आज पाचशेची नोट.

वह्यांत सगळ्यांत जास्त वेळा आलेला मेसेज हाच : रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलंय, ३० सप्टेंबरपर्यंत एटीएममधून पाचशेच्या नोटा बंद करा. आधी ७५ टक्के, मग ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएम. आत्तापासूनच पाचशेच्या नोटा संपवायला लागा. डाळिंबाचा व्यवहार रोखीचा, त्यामुळं हा मेसेज इथं नुसता फिरला नाही, त्यानं झोप उडवली. एका घरात तर वडिलांनी व्यापाऱ्याला, 'शंभर-दोनशेच्याच द्या' म्हणून अडवलं होतं.

पोरांना 'खोटं' म्हणायची घाई. ओळ न् ओळ वेगळी करायला लावली, आणि इथंच आजची मजा आली. आकडे खरे निघाले! तारखाही खऱ्या. रिझर्व्ह बँकेचं २८ एप्रिल २०२५ चं परिपत्रक आहे : ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत ७५ टक्के आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममध्ये निदान एका कप्प्यातून शंभर किंवा दोनशेच्या नोटा निघाल्या पाहिजेत. लोकांना सुटे मिळावेत म्हणून. पाचशे बंद करा असं त्यात कुठंही नाही. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानं मेसेज खोटा असल्याचं जाहीर केलं, ऑगस्टच्या सुरुवातीला राज्यसभेतल्या लेखी उत्तरातही असा प्रस्ताव नसल्याचं सांगितलं गेलं.

'शंभर-दोनशे मिळायला हवेत' याचं कुणीतरी 'पाचशे मिळणार नाहीत' केलं. पार बनवलेल्या मेसेजपेक्षा असा मेसेज पकडायला जड. अर्धवट तपासणाऱ्याला आकडे जुळलेले दिसतात आणि तो खात्रीनं पुढं पाठवतो.

एक मुलगी म्हणाली, "पण पप्पा म्हणतात, दोन हजारची पण आधी न्हाईच म्हणत होते." पप्पांना वेड्यात काढण्यात अर्थ नाही. ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र त्यांनी बघितलीय, १९ मे २०२३ ला दोन हजारची नोट चलनातून काढून घेतल्याची बातमीही वाचलीय. अशा माणसाला पाचशेची धास्ती वाटली तर ती मूर्खपणाची नाही. पोरांना हे दोनदा सांगितलं, कारण पुढचं काम घरी जाऊन बोलायचं आहे.

शनिवार, २३ ऑगस्ट

घरी जाऊन बोलायचं, हे सगळ्यांत अवघड. तपासायला पोरं दीड महिन्यात शिकली. सांगायचं कसं ते मलाही कुणी शिकवलेलं नाही.

एकीचे मामा 'आपला परिवार'चे ॲडमिन. पाचशेच्या मेसेजखाली तिनं सगळ्यांदेखत लिहिलं, 'मामा हे फेक आहे', पुढं हसणारे तीन चेहरे. मामा दोन दिवस बोलले नाहीत. आई हिलाच ओरडली, मोठ्यांना असं चारचौघांत बोलतात का? खरं बोलल्याबद्दल मुलीला ओरडा बसला हे मला टोचलं, पण आईचंही मला पटतं. चारचौघांत खोडून काढलं की माणूस नोटेचा विचार करत नाही, आपल्या मानाचा करतो.

आज दोघी-दोघांत सराव केला. एक मामा, एक भाची. ग्रुपवर नाही, फोन करून. आधी विचारायचं : मामा, हा तुम्हाला कुणी पाठवला? मला वाचनालयाच्या वहीत लिहायचंय. मग परिपत्रकात काय आहे ते सांगायचं. 'फेक' हा शब्द काढायचाच नाही. मामा झालेल्या पोरांनी फार छान काम केलं, खाकरून, 'तू अजून लहान हायस' म्हणत. एका मामानं तर, 'माझा मित्र बँकेत आहे' हेही टाकलं. त्यावर भाची झालेला मुलगा गडबडला, मग म्हणाला, "मग त्यांनाच विचारू या की, लावा फोन." हे उत्तर फळ्यावर लिहून ठेवलं.

शनिवार, ६ सप्टेंबर

गणपतीत एक शनिवार गेला. आज विसर्जन, तरी सहा-सात जण आले.

खऱ्या मामांना त्या मुलीनं फोन केला होता. मामांनी मेसेज काढून टाकला आणि दोन दिवसांनी परिपत्रकाचा खुलासा स्वतः शोधल्यासारखा ग्रुपवर टाकला. खाली सगळ्यांचे अंगठे. मुलीला थोडा राग आलाय. येऊ दे.

उद्या रात्री खग्रास चंद्रग्रहण, खरं. पोरांनी दोन ठिकाणांहून वेळा उतरवल्या : घरचं दाते पंचांग, म्हणजे आपल्या सोलापूरचंच, आणि खगोलशास्त्राचं संकेतस्थळ. मिनिट इकडंतिकडं सोडता जुळल्या : दहाला दोन-तीन मिनिटं कमी असताना स्पर्श, अकराच्या सुमारास पूर्ण झाकला, बारा बावीसनंतर सुटायला सुरुवात. मग एकानं विचारलं, आजी म्हणते पोटुशी असलेल्या वहिनीनं उद्या भाजी चिरायची नाही, तेही आजीनं पंचांग बघूनच सांगितलंय. वेळ खरी तर हेही खरंच ना?

यावर बराच वेळ गेला. वेळ गणितानं काढतात, चुकली तर रात्री सगळ्यांना दिसेल. भाजीचं कधी तपासलं गेलं, कुणी, कशावरून? ग्रहणानं गर्भाला काही होतं असा पुरावा नाही. एकाच ठिकाणचं एक बरोबर निघालं म्हणून दुसरं त्याच्या खांद्यावर बसून आत येत नाही. मुलानं वेळ पहिल्या रकान्यात लिहिली, भाजीचं दुसऱ्यात. आजीला काय सांगणार? "काय न्हाई. भाजी मी चिरतो."

शनिवार, १३ सप्टेंबर

ग्रहण ढगांच्या फटीतून दिसलं, तांबडं. वेळा बरोबर आल्या.

तिसरा रकाना आता फळ्यात मावेना म्हणून दाराशेजारच्या बोर्डावर हलवला. कुणालाही वाचता येईल, आणि माहिती असेल तर खाली सहीनिशी लिहिता येईल. पु. लं.चा उतारा अजून तिथंच आहे. दोन आजोबांनी खाली लिहिलंय की हा पु. लं.चाच. पुस्तकाचं नाव दोघांनीही दिलेलं नाही.

दूध-हळदीचंही अडकलंय. डाळिंबवाल्याच्या वडिलांनी फवारणी केली, तेल्या कमी झाल्यासारखा वाटतो म्हणतात. मुलगा म्हणाला, पण मधे पावसानं उघडीप दिली होती, त्यानंबी कमी होतो. दोन ओळी मारून बघायला हव्या होत्या, एकीवर मारायचं, दुसरीवर नाही. हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं.

राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात केगावला आहे. त्यांना पत्र लिहायचं ठरलं. पहिला खर्डा असा होता : 'दूध-हळदीनं तेल्या जातो हे खरं की खोटं ते कळवावे.' चर्चा होऊन बदलला : 'याच्यावर आपल्याकडं कुणी प्रयोग केला आहे का? केला असल्यास फवारलेल्या आणि न फवारलेल्या झाडांत किती फरक दिसला?' शुद्धलेखन उतारा आणणाऱ्या मुलीनं तपासलं, पाकिटावर पत्ता कबड्डीवाल्यानं घातला. पत्र सोमवारच्या टपालात जाईल. उत्तर येईपर्यंत बागेत आणखी फवारणी नको, असं मुलानं वडिलांना सांगितलंय. वडील म्हणाले, दुधाचे पैसे वाचले तरी चालतील.

घटस्थापनेच्या आधी बोर्डाला काच बसवून घ्यायची आहे. सुताराला सांगितलं.